खालच्या मजल्यावरचं आकाश

दुकानांची शटर्स वर जायच्या आत त्या जुन्या फर्निचर-गोदामाचा जिना माणसांनी भरून जायचा. कुणाच्या हाताला बँडेज, कुणाच्या मानेवर गाठ, कुणाच्या काखेत तपासण्यांची फुगलेली पिशवी. ज्याला काहीच झालेलं नव्हतं तोही रांगेत असायचा. एवढी माणसं उभी आहेत त्या अर्थी वर काहीतरी असणारच, असं त्याचं शास्त्र. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना धाप लागे, आणि धाप लागली की सेवक कौतुकाने म्हणत, "बघा, पृथ्वी कशी ओढतेय."

वर निर्भारस्वामी बसत. अंगात अंतराळवीरासारखा पांढरा, गळ्यापासून घोट्यापर्यंत चेन असलेला पोशाख आणि पायात रबरी चपला. त्यांचं तत्त्वज्ञान सुटसुटीत होतं. सगळे रोग गुरुत्वाकर्षणामुळे होतात. केस गळतात, गाल लोंबतात, गुडघे झिजतात, कारण पृथ्वी ओढते. कॅन्सर म्हणजे तरी काय, तर पेशींनी पृथ्वीच्या नादी लागणं. ओढ काढून घेतली की पेशी शुद्धीवर येते. मधूनमधून ते 'क्वांटम' हा शब्द वापरत, मीठ टाकावं तसा, चवीपुरता. "झाडावरून फळ पडलं तेव्हा जगाने पृथ्वीचा विचार केला," ते म्हणत, "फळाला किती लागलं याचा कुणी केला का?" यावर लोक माना डोलवत. फळाला खरंच कुणी विचारलं नव्हतं.

चमत्कार मात्र बोलण्यात नव्हता, तो गगनकक्षात होता. हॉलच्या टोकाला लोखंडी दार, आत गडद निळ्या कापडाच्या भिंती, त्यावर चंदेरी कागदाच्या चांदण्या. एका बाजूला नातेवाइकांसाठी बाक आणि मधोमध पोती तोलायचा, मोठ्या गोल तबकडीचा काटा. रोग्याने काट्यावर उभं राहायचं. दार बंद, काळोख, संगीत. मग तबकडीवर एकच दिवा लागायचा, स्वामी रोग्याच्या कपाळाला बोट लावायचे, पायाखालून काहीतरी गुरगुरायचं, रोग्याच्या पोटात गोळा यायचा आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सत्तर किलोंवरचा काटा घसरून त्रेसष्टावर यायचा. डोळ्यांचं पातं लवेपर्यंत दिवा बंद. पुन्हा काळोख, पुन्हा संगीत. थोड्या वेळाने पुन्हा दिवा, पुन्हा घसरण. बाहेर येणारा माणूस रडत यायचा. सात किलो पृथ्वी अंगावरून उतरल्यावर कोण रडणार नाही?

तरीही लोकांचा विश्वास बसला तो स्वामींमुळे नव्हे. तो बसला काटेमामांमुळे.

काटेमामांचं बाजारात वजनकाट्यांचं दुकान होतं. सोनाराच्या नाजूक तराजूपासून भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. एखादा व्यापारी मापात मारतोय अशी कुजबुज झाली की गिऱ्हाईक म्हणायचं, "चल, काटेमामांकडे," आणि व्यापाऱ्याचा चेहरा उतरायचा. शिवाय मामांचा हात. तळहातावर वस्तू ठेवली की ते आकाशाकडे बघायचे आणि वजन सांगायचे. चूक झालीच तर लोक काटा दुरुस्तीला टाकायचे.

हे मामा पहिल्याच दिवशी स्वामींकडे आपली पितळी वजनं आणि पाणसळ घेऊन गेले होते. "काट्यात स्प्रिंग ढिली असेल तर इथेच सांगतो," असं सर्वांसमोर बजावून त्यांनी कक्षात जाऊन वजनं चढवली, उतरवली, कोपऱ्या-कोपऱ्यावर ठेवली. काटा अचूक. पाणसळ लावली. जमीन सपाट. मग स्वतः उभे राहिले आणि सात किलोंनी हलके झाले. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की काट्यात खोट नाही. त्या दिवसापासून रांग जिन्यावरून रस्त्यावर आली.

मामा तिथे केवळ परीक्षक म्हणून गेले असते तर एवढं बिघडलं नसतं. पण त्यांच्या डाव्या टाचेवर एक काळा डाग होता. मामींना वाटलं शाई, मामांना वाटलं ग्रीस, त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, मेलानोमा. त्वचेचा कॅन्सर. सर्जनबाईंनी तारीख दिली. असला डाग आधी आडवा पसरतो, मग आत उतरतो, आणि धोका त्या आत उतरण्यात आहे, तो उतरायच्या आधी आपण उतरायचं, असं त्यांनी समजावलं. मामांनी ती तारीख पुढे ढकलली. मग दुसरीही. आता तिसरी तारीख गुरुवारची होती, आणि मामा म्हणत होते, स्वामींच्या अजून काही बैठका होऊ देत.

हे सगळं पेशीवालीला कळलं ते मामींच्या फोनवरून. पेशीवाली म्हणजे मामांची भाची. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची, आणि दैव असं खट्याळ की तिचं काम नेमकं हेच होतं: गुरुत्वाकर्षण बदललं तर त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी कशा वागतात ते बघायचं. एका वर्तमानपत्राने तिच्या प्रयोगशाळेवर अर्धं पान छापलं होतं, मथळा 'भार गेला, कॅन्सर दमला'. आतल्या मजकुरात 'कदाचित', 'काही', 'प्रयोगशाळेच्या बशीत' असे शब्द होते, पण ते बारीक टायपात. स्वामींनी ते पान मोठं करून हॉलच्या भिंतीवर लावलं होतं. बारीक टायप चौकटीखाली गेला होता.

ती बुधवारी सकाळी पोचली. मामा डावा पाय स्टुलावर ठेवून बसले होते आणि स्वागताला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. "तुझंच काम आहे हे, पोरी. तुला तर आनंद व्हायला पाहिजे."

तिने चहा घेता घेता तिचं काम सांगितलं. एका छोट्या कुपीत पेशी ठेवायच्या, कुपी काठोकाठ भरायची आणि यंत्रावर सावकाश गरगर फिरवत ठेवायची. त्यामुळे पेशीला खाली कुठे आणि वर कुठे याचा पत्ताच लागत नाही. गुरुत्वाकर्षण कुठे जात नाही, पेशीला फक्त चकवलं जातं. मग काही पेशींची वाढ मंदावते, काहींना फरक पडत नाही, आणि काही जाती उलट जास्त हुंदडायला लागतात.

"हुंदडतात?" मामी ओट्याकडून वळल्या.

"सगळ्या नाहीत. पण कुठली हुंदडेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून तर अभ्यास चाललाय. आणि बशीतल्या पेशीवर फिनाइल ओतलं तरी ती मरते, मामी. म्हणून कुणी फिनाइल पितं का?"

मामा हसले नाहीत. पेशींचं त्यांना कळत नव्हतं, असं ते म्हणाले, पण काट्याचं कळत होतं. काटा त्यांनी स्वतः तपासला होता. चाळीस वर्षं ज्या काट्यावर विश्वास ठेवून पोट भरलं, त्याच्यावर आता अविश्वास दाखवायचा तो कशाच्या जोरावर?

"मी म्हणतेय यांना," मामी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून सांगतेय, वजन कमी करा. माझं ऐकून पाव किलो उतरलं नाही आणि त्या रबरी चपलेने बोट लावलं की सात किलो. घरी येतात तेव्हा पुन्हा तेवढेच्या तेवढे. ते सात किलो जिन्यात वाट बघत असतात वाटतं."

पेशीवालीला इथे एक गोष्ट कळली. मामा आंधळे झाले नव्हते. आंधळ्या भक्ताला ओरडून भानावर आणता येतं. इथे एक काटेकोर माणूस नीट तपासणी करून चुकला होता, आणि स्वतः तपासलेल्या गोष्टीवर पाणी सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या दुकानाची पाटी उतरवायला सांगणं. तिने वाद सोडला आणि विचारलं, दिवा लागतो तेव्हा नेमकं काय होतं? गुरगुर आधी की काटा आधी? पोटात गोळा कसा येतो, पाळण्यात बसल्यावर येतो तसा? मामांनी सगळं बारकाईने सांगितलं. तबकडी किती वेळ दिसते, हा प्रश्न मात्र त्यांना आवडला नाही.

"तेवढ्यापुरतीच. दिव्य गोष्ट जास्त वेळ बघवत नाही म्हणतात."

"आणि मधल्या काळोखात काटा काय दाखवतो?"

"काळोखात काटा कसा दिसणार?" मामा म्हणाले.

"नाही दिसणार. पण तुमचा हात तर असतो ना काळोखात?" ती म्हणाली. "की तोही उजेड असला तरच चालतो?"

मामींनी तोंड फिरवून भांडी घासायला घेतली. हाताचा विषय काढलेला मामांना सोसत नसे. पोरीने सरळ त्यांच्या कसबालाच हात घातला होता. ते उठले, कपाटातून दोन किलोंचं पितळी वजन काढलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मामांच्या त्या पहिल्या तपासणीनंतर कक्षात धातू न्यायला बंदी झाली होती. धातू ही पृथ्वीची लेकरं, आईकडे धाव घेतात, असं स्वामी म्हणत. मोबाइलला बंदी होतीच, त्याचा उजेड पडतो हे कारण मात्र कुणी सांगत नसे.

दुपारी मामा-भाची रांगेत लागली. मामांना पुढे सोडलं गेलं, शेवटी ते चमत्काराचे प्रमाणपत्रवाले होते. त्यांच्या मागे निवृत्त बँक-मॅनेजर उभे होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या संशयाने तपासल्या होत्या आणि आता उरलेला सगळा विश्वास एकदमच खर्च करायला निघाले होते. "वैज्ञानिक आधार आहे हो याला," ते भिंतीवरच्या पानाकडे बोट दाखवून पेशीवालीला समजावत होते, "तुम्ही मुलींनी असलं वाचलं पाहिजे." तिने वाचते म्हणून सांगितलं.

कक्षाचं दार बंद झालं. मामा काट्यावर, ती बाकावर, स्वामी दिव्याच्या बटणाजवळ. दिवा लागला. कपाळाला बोट लागलं, गुरगुर झाली, तिच्या पोटात पाळण्यातला गोळा आला आणि काटा सात किलोंनी घसरला. दिवा विझला. स्वामी खर्जात सांगू लागले की आता पेशींना पश्चात्ताप होतो आहे.

तेवढ्यात पायाखालची गुरगुर थांबली, आणि काळोखातून मामांचा आवाज आला. अगदी दुकानातला, गिऱ्हाइकाला वजन सांगतानाचा.

"जड झालं."

"मौन पाळा."

"दोनाचं सव्वादोन झालं. आता परत दोन."

"ते तुमच्या मनाचं ओझं बाहेर पडतंय," स्वामी म्हणाले. पश्चात्ताप त्यांनी तिथेच सोडून दिला होता.

"मनाचं ओझं पाव किलो असतं होय?"

यावर स्वामींनी संगीत वाढवलं. थोड्या वेळाने पुन्हा गुरगुर सुरू झाली आणि सुरू होताक्षणी काळोखात मामा पुन्हा म्हणाले, "जड." मग दिवा लागला, काटा घसरला, सगळं थांबलं, दार उघडलं. समोर तोच हॉल, तीच माणसं. मामा बाहेर आले ते न रडता. काळोखात तळहातावर तोललेलं वजन त्यांनी पुन्हा खिशातून काढलं, आकाशाकडे न बघता पायाखाली बघितलं, आणि फक्त भाचीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दोनदा हलकं, दोनदा जड. हलकं होतं तेव्हा दिवा, जड होतं तेव्हा काळोख. पोरी, काटा खरा आहे. ही जमीन जागेवर नाही."

दार बंद होऊन बँक-मॅनेजर आत गेले होते. मामा जिन्याकडे निघाले. टाच दुखत होती तरी ते भराभर उतरले. काटेमामा खाली निघाले म्हटल्यावर रांगेतली माणसंही, कशासाठी ते न विचारता, मागे निघाली. रांगेची सवय वाईट. पुढचा जातो तिकडे ती जाते.

खालच्या मजल्यावर बंद गोदाम होतं. टोकाला, बरोबर गगनकक्षाच्या खाली, भिंतीला प्लायवुडचा मोठा तुकडा टेकवलेला होता, आणि त्याच्याशेजारी खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. समोर दोन बटणांची पेटी, हातात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. गोदाम चालू असल्यापासूनचा हा लिफ्टमन. एवढी माणसं बघून तो सौजन्याने उठला.

"वर जायचंय का? जरा थांबा, स्वामी येतायत खाली."

मामांनी प्लायवुड बाजूला सारलं. मागे जाळीचं सरकतं दार होतं, आणि जाळीपलीकडे, साखळ्यांच्या कुरकुरीत, आकाश खाली येत होतं. आधी रबरी चपला दिसल्या. मग काटा, काट्यावर डोळे मिटून उभे असलेले बँक-मॅनेजर, मग निळं कापड आणि चांदण्या. कपाटं आणि पलंग चढवायची ती जुनी मालाची लिफ्ट. मूळची जाळी तिकडच्या बाजूला तशीच होती, कापड लावायचं स्वामींना सुचलं नव्हतं. खालून कोण बघणार होतं? धक्का देऊन ती थांबली. जाळीतून आत उजेड गेला, आणि स्वामींच्या व्यवसायात पहिल्यांदाच लोकांनी तो क्षण उजेडात बघितला. काटा सत्तरवरून वर सरकला आणि मगच खाली बसला.

"चढला," कुणीतरी म्हणालं.

बँक-मॅनेजरांनी डोळे उघडले. त्यांना आकाशात जाळीमागे ओळखीची माणसं दिसली. म्हाताऱ्याने विचारलं, "वर नेऊ की उतरताय?"

मग पेशीवालीने सांगितलं. तिला फार काही सांगावं लागलं नाही. लिफ्ट खाली निघते तेव्हा पायाखालची जमीन जराशी पळ काढते, माणूस तिच्यावर पुरता भार टाकू शकत नाही, म्हणून काटा उतरतो. वर येऊन थांबतानाही तसंच. पण खाली येऊन थांबताना आणि वर निघताना जमीन उलट पायांवर रेटते, तेव्हा काटा चढतो. उतरला की दिवा, चढला की काळोख. "यांनी तुमचं जेवढं वजन उजेडात काढून घेतलं, तेवढंच काळोखात परत केलं," ती म्हणाली. "या एका बाबतीत स्वामी चोख आहेत. पेशींना यातलं काहीच कळलेलं नाही. आणि वर भिंतीवर जो कागद लावलाय, ते माझंच काम आहे. चौकटीखाली दडवलेलं वाचा, त्यात औषध म्हणून एक अक्षर नाही."

स्वामींनी जाळीआडून सांगितलं की लिफ्ट हे केवळ निमित्त आहे, श्रद्धा हाच खरा दोर. लिफ्टमनने वर बघून दोर लोखंडी असल्याचं नोंदवलं. तेव्हा कुठे पहिलं हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते सबंध गोदामभर झालं. हसली नाही ती फक्त मानेवर गाठ असलेली बाई. ती जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती, कारण तिने दोन महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या. मामा तिच्याजवळ बसले. मग सगळ्यांकडे तोंड करून त्यांनी, ज्या आवाजात काटा खरा असल्याचं जाहीर केलं होतं त्याच आवाजात, आपण दिलेला दाखला मागे घेतला.

"मी काटा तपासला," ते म्हणाले. "सपाटी तपासली. काटा कशावर उभा आहे ते मात्र विचारलं नाही. चाळीस वर्षांत हलणारी जमीन भेटलीच नव्हती मला. आणि लाइट का घालवता, हेही विचारलं नाही. ते तर कुणीही विचारू शकलं असतं."

मग त्यांनी त्या बाईला विचारलं, तिच्या डॉक्टरांचा दवाखाना कुठे आहे, आणि भाचीला सांगितलं की उद्याच्या तारखेला आपण जातोय, जाताना हिला वाटेत सोडू.

स्वामी त्या आठवड्यात गेले. कुठे ते माहीत नाही, पण जिथे गेले तिथली इमारत जास्त मजल्यांची असणार, धंदा वाढता होता. काही भक्त अजूनही म्हणतात की लिफ्ट असली म्हणून काय झालं, बरं वाटत होतं ना? बँक-मॅनेजर त्यांत आहेत. आत उभं राहून जे दिसलं नाही ते बाहेरून ऐकून कसं पटणार?

मामांची शस्त्रक्रिया गुरुवारी झाली. पहिल्या तारखेला गेले असते तर टाचेचा छोटा तुकडा गेला असता. आता मोठा गेला, वर मांडीची कातडी काढून लावावी लागली, आणि रोग पुढे पसरला का ते बघायला जांघेतली एक गाठ तपासायला पाठवली. ती स्वच्छ आल्याचं सर्जनबाईंनी सांगितलं तेव्हा मामी पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या. सर्जनबाईंनी बजावलं, तपासणीला येत राहायचं, चुकवायचं नाही. मामांनी मान हलवली. कुठल्याही काट्याला ठरलेल्या मुदतीने तपासावंच लागतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

घरी सोडायच्या दिवशी नर्सने चाकांचा काटा ढकलत आणला. मामा कुबडी सांभाळत त्याच्यापाशी आले आणि थांबले. नर्सला वाटलं दुखतंय. मामांनी काट्याकडे बघितलं, मग फरशीकडे, मग छतातल्या दिव्याकडे.

"बाई, हा लाइट चालूच राहणार ना?"

"राहणार की. का?"

"काही नाही," मामा म्हणाले. "विचारायला पैसे पडत नाहीत, एवढंच." आणि ते काट्यावर चढले.

वाचकहो, तुम्हाला पेशी कळल्याच पाहिजेत असं नाही, वजनकाटाही नाही. समोरचा माणूस ऐन वेळी दिवा घालवत असेल, तर तो लावायला सांगा. तेवढ्याने रागावला, तर चपला घाला आणि जिना उतरून खालच्या मजल्यावर जाऊन बघा.